झेब्रा माशावरून माणसाच्या मेंदूचे आजार कळतात का?

क्रॉफर्ड मार्केटात पिशवीत घालून मिळणाऱ्या पट्टेरी झेब्रा माशावर मेंदूच्या आजारांची औषधे तपासतात हे खरे का, आणि आपल्या भाच्याच्या अपस्माराला त्याचा उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईतील एका प्रयोगशाळेत हेच मासे सांभाळतो. तपासतात हे खरे आहे. मात्र प्रश्न नेमका असेल तरच मासा उत्तर देतो.

मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, जरी त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात समकक्ष जनुक सापडते.

अपस्माराचेच पाहा. ड्राव्हे सिंड्रोम हा लहान मुलांमधला चिवट अपस्मार बहुतेक वेळा एससीएन१ए या जनुकातील बिघाडामुळे होतो. समकक्ष जनुक बिघडलेली, जेमतेम चार मिलिमीटर लांबीची पिल्ले ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एकेक करून सोडली की झटका अक्षरशः डोळ्यांना दिसतो: पिल्लू आधी उगाच धावते, मग खळग्याच्या कडेने गरगर फिरते आणि शेवटी आखडून कुशीवर कलंडते. पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी मला डबा गेला नव्हता. मुलांना अपस्मारावर देतात ते व्हॅल्प्रोएट हे औषध पाण्यात मिसळले की हे झटके कमी होतात, म्हणून नवी औषधे चाळायलाही ही पिल्ले भरवशाची वाटतात. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील स्कॉट बराबन यांच्या गटाने ३२० संयुगे अशी चाळली, तेव्हा क्लेमिझोल हे ॲलर्जीवरचे जुने औषध हाती लागले. शिवाय पिल्लू पारदर्शक असल्याने, त्याच्या मेंदूतील लाखभर चेतापेशींपैकी कोणत्या कधी पेटतात हे ते जिवंत असतानाच पाहता येते.

पण माणसासारखे थरांचे मेंदूबाह्यक (मेंदूचा सर्वांत बाहेरचा भाग, कॉर्टेक्स) माशाला नाही, आणि त्याच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झाल्यामुळे कित्येक जनुकांच्या दोन प्रती आहेत. एक बिघडली तरी दुसरी कधीकधी वेळ निभावून नेते. नव्या टाकीत मासा तळाशी दडून राहतो, त्याला आम्ही भीतीचे माप मानतो. मात्र ‘खिन्न मासा’ अशी बातमी वाचली की मला हसू येते. स्किझोफ्रेनियातले भास माशाला कसे विचारणार?

माशात गुण दाखवलेले औषध माणसांवरील चाचण्यांतून तावून निघेपर्यंत बरीच वर्षे जातात, तेव्हा भाच्याच्या गोळ्यांत बातमी वाचून काही बदल करू नये. त्याची जनुकीय तपासणी झाली असल्यास अहवालातील जनुकाचे नाव मात्र कळवा. त्यावर माशांत काही काम झाले आहे का, ते शोधून सांगेन.