इंदूरच्या कॉलेजात शाश्वत अन्न आणि शेतीचा उपक्रम सुरू करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या विद्यापीठात कृषी शाखा नाही, आवारात दीड एकर जागा पडून आहे, मेसमध्ये दोनशे मुलं जेवतात, आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठासारखं काहीतरी उभं करावं असं तुम्हाला वाटतंय. व्यवस्थापन मात्र म्हणतंय, आधी एक मोठी परिषद घेऊ.

परिषद नंतर घ्या. सुरुवात मेसच्या मागच्या दारापासून करा.

मी इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकले. आमची शेती इंदूरजवळच्या राऊ गावाच्या पुढे आहे, आणि एका कॉलेजच्या मुलांबरोबर मेसच्या ओल्या कचऱ्याचं खत करण्याचं काम मी करते. त्यामुळे जे लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे.

येलचा शाश्वत अन्नाचा उपक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि त्यांचं शेत २००३ मध्ये, तेही एक एकराचं. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बागकामतज्ज्ञ अ‍ॅलन चॅडविक यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन एका उतारावर बाग लावली, आणि पुढे त्यातून तिथलं सेंद्रिय शेतीचं शिक्षण वाढलं. दोन्ही ठिकाणी मुलांनी स्वतः मातीत हात घातले. पण तुम्हाला इतक्या लांब बघायची गरजच नाही. जगभर ज्याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती खताची पद्धत आपल्या गावात तयार झाली. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभारली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. हॉवर्ड यांचं नाव सगळे घेतात. त्यांच्या बरोबरीने काम करणारे रसायनतज्ज्ञ यशवंत वाड मात्र आपल्या इंदूरकर मराठी मंडळींनाही ठाऊक नसतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९३१ मध्ये या पद्धतीवरचं पुस्तक दोघांच्या नावानं निघालं. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था पाहून गेले. तुमच्या मुलांना पहिल्या दिवशी हे सांगा आणि त्या आवारात एकदा फिरवून आणा.

आता खताच्या ढिगाबद्दल, कारण सगळं इथे ठरतं. मेसचा कचरा म्हणजे डाळ, भाजीचा रस्सा, भात, सालं. हे नुसतं खड्ड्यात टाकलं की दोन दिवसांत त्याचा चिखल होतो, आत हवा जात नाही आणि वास सुटतो. वास सुटला की वॉर्डन तक्रार करणार आणि उपक्रम तिथेच बंद पडणार. म्हणून आधी कोरडा माल गोळा करा: सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड, आवारातला पालापाचोळा. आपल्याकडे एप्रिलमध्ये शेतकरी नरवाई, म्हणजे गहू काढल्यावर शेतात उरलेलं काड, जाळतात, तेच काड तुम्ही मागून आणलंत तर जाळणारा एक शेतकरी तरी कमी होईल. साधारण तीन टोपल्या कोरडा माल, एक टोपली शेण, वर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि मूठभर लाकडाची राख, असे थर. ओला कचरा या थरांत पातळ पसरायचा. तेलकट उरलंसुरलं शक्यतो नकोच, उंदीर येतात. तुरीच्या काड्यांसारखा टणक माल लवकर कुजत नाही. हॉवर्ड-वाड यांच्या शेतावर तो रस्त्यावर अंथरत आणि गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. तुमच्या पार्किंगच्या वाटेवर हे सहज होईल.

तीन-चार दिवसांत ढीग आतून इतका तापतो की त्यात खुपसलेली सळई बाहेर काढल्यावर हातात धरवत नाही. थंडीतल्या सकाळी पलटी देताना, म्हणजे ढीग वरखाली करताना, वाफ निघते, भुशावर पांढऱ्या बुरशीची जाळी दिसते आणि कचऱ्याचा वास जाऊन पावसानंतरच्या मातीचा वास येतो. वर्गात कर्ब-नत्राचं गुणोत्तर (कोरड्या मालात कर्ब जास्त, शेणात आणि ओल्या कचऱ्यात नत्र) पाठ करूनही न समजलेली मुलं इथे आपणहून विचारतात, ‘मॅडम, भुसा कमी पडलाय का?’ दोन-तीन आठवड्यांनी पहिली पलटी, पाचव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी आणि तीन महिन्यांत खत तयार. कोरड्या ऋतूत उथळ खड्डा चालतो, पावसाळ्यात ढीग जमिनीच्या वरच लावा, नाहीतर खड्ड्यात पाणी साचतं.

कुणीतरी म्हणेलच की महापालिका ओला कचरा नेतेच आहे, मग हा खटाटोप कशाला? पालिकेचं काम खरंच मोठं आहे. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून इंधनाचा गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून इथे आहे. पण कचरागाडी निघून गेली की ताटात टाकलेल्या अन्नाचं पुढे काय होतं हे मुलाला दिसत नाही. स्वतः पलटी देणारा मुलगा ताटात वाढून घेताना हात आखडता घेतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि विद्यापीठाचं काम शिकवण्याचंच आहे ना?

दीड एकराबद्दल भ्रम नको. एका मुलाला दिवसाला ३०० ग्रॅम कणीक धरली तर दोनशे मुलांना महिन्याला १८ क्विंटल आणि दहा महिन्यांना १८० क्विंटल गहू लागतो. बागायती गव्हाचं उत्पन्न हेक्टरी ४० क्विंटल धरलं तरी साडेचार हेक्टर, म्हणजे अकरा एकरांहून जास्त जमीन हवी. म्हणजे तुमचं शेत मेसला पोसू शकत नाही, आणि त्यासाठी ते नाहीच. त्यावर पालेभाज्या, मेथी, कोथिंबीर, थोडं आलं-लसूण घ्या आणि मुलांना एक हंगाम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू द्या. शेतकऱ्याच्या खिशात फरक पडतो तो मेसच्या खरेदीमुळे.

सगळ्यात चिवट भाग हाच. ठेकेदाराचं कंत्राट वर्षभराचं असतं आणि तो दर बघतो. भांडण न करता पुढच्या कंत्राटात एकच वस्तू बदलून घ्या. माझं मत विचाराल तर मालवी गहू, म्हणजे कठिया. त्याला पाणी कमी लागतं आणि तो आपल्या काळ्या मातीतला आहे. पण पोळीला घालू नका, पोळी कडक होते आणि मुलं नावं ठेवतात. त्याचा दलिया, बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) आणि उपम्याचा रवा करा. एका गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांशी पेरणीआधी, ऑक्टोबरातच बोलून ठेवा आणि पैसे वेळेवर द्या. उशिरा पैसे देणाऱ्या संस्थेला शेतकरी दुसऱ्या वर्षी दारात उभं करत नाही.

‘सेंद्रिय’ ही पाटी घाईने लावू नका. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांप्रमाणे हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो. तोवर ‘अमुक गावचा गहू’ एवढंच लिहा. ते खरं असतं आणि मुलांना गावाचं नाव कळतं.

कृषी शाखा नसल्याची काळजी करू नका. कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, माती परीक्षणापासून बियाण्यापर्यंत त्यांना विचारता येईल. कृषीच्या मुलांना शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावंच लागतं. तुमच्या मुलांसाठी तेच काम एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) किंवा इंटर्नशिपमध्ये बसवा आणि त्याला श्रेयांक द्या. श्रेयांक नसले की परीक्षेच्या काळात ढीग कोरडा पडतो.

आणि समितीवर प्राध्यापकांबरोबर मेसचे महाराज, म्हणजे आचारी, आणि बागेचा माळी यांना घ्या, बैठकीत खुर्ची देऊन. किती शिळं उरतं आणि कोणत्या वारी उरतं, हे महाराजांना वहीशिवाय सांगता येतं. त्यांना आधी भेटा. ढीग दिवाळीच्या सुट्टीनंतर, मुलं परत आली की लावा.