दाढ दुधाची आहे की कायमची, ते आधी मोजून बघा

ताई, तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या खालच्या मागच्या दाढेवर काळा खड्डा दिसतोय, पण दुखत नाही, आणि घरचे म्हणतात, 'दुधाची दाढ आहे, पडून जाईल.' शेवटी तुम्ही स्वतःबद्दलही लिहिलंय: गार पाण्याने दाढ शिवशिवायची, आता गरम चहानेही ठणका लागतो आणि लवंगेच्या तेलावर भागवताय. मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. मुलीचं आधी सांगते, पण जास्त घाई तुमच्या दाढेची आहे.

आज रात्री दात घासताना मुलीला उजेडात बसवा आणि समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून मागे एकेक दात मोजा. दोन पुढचे, तिसरा सुळा, चौथी आणि पाचवी दुधाची दाढ. खड्डा सहाव्या दाढेवर असेल, तर ती दुधाची नाही. ती साधारण सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, गुपचूप मागे उगवते. पडलेल्या दाताच्या जागी येत नसल्यामुळे आई-वडिलांच्या लक्षातच येत नाही. माझ्याकडे लहान मुलांच्या ज्या कायमच्या दाढा काढाव्या लागतात, त्यांत हीच सगळ्यांत जास्त असते, आणि दर वेळी घरच्यांचं वाक्य तेच असतं: 'आम्हाला वाटलं दुधाची आहे.' ही दाढ गेली की दुसरी येत नाही.

आणि समजा, खड्डा पाचवीवर निघाला, तरी थांबू नका. ती दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. म्हणजे अजून तीन ते पाच वर्षं मुलीला तिच्यावर जेवायचंय. ती लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

दुखत कसं नाही, याचं उत्तर दाताच्या रचनेत आहे. वरचं कवच, म्हणजे एनॅमल, त्यात नसाच नसतात. कीड तिथे कितीही दिवस पोखरत राहिली तरी कळत नाही. आतल्या थरात, डेंटिनमध्ये, शिरली की गार-गोड लागायला लागतं. नसेपर्यंत पोचली की ठणका. म्हणून 'दुखेल तेव्हा बघू' म्हणणारा माणूस फार उशिरा येतो. सुरुवातीला फक्त खडूसारखा पांढरट डाग असतो, तेवढ्यावर पकडलं तर ड्रिलही लागत नाही. उलट प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड असंही नाही, काही नुसते डाग असतात. तो फरक डॉक्टरांनी बघून, लागला तर एक्स-रे काढून ठरवायचा. घरी टाचणीने कोरून बघू नका.

कीड म्हणजे अळी नव्हे. दातातली अळी पडावी म्हणून आमच्याकडे अजूनही रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन लोक येतात. अळी नसतेच, तर पडणार कुठून? तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल सोडतात, ते कवचातला चुना विरघळवतं. लाळ हळूहळू ते आम्ल शमवते आणि चुना परत भरते, पण तिला निदान अर्धा तास तरी लागतो. दर तासाला बिस्कीट तोंडात गेलं तर तिला तो वेळच मिळत नाही. म्हणून मी पालकांना किती गोड देता हे नंतर विचारते, किती वेळा देता हे आधी. जेवणानंतर लाडू दिला तर चालेल, पण दुपारभर थोडंथोडं चघळणं बंद करा. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने, सुमारे १००० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण), घासून घ्या. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. तुमच्या भागात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत आहे, तर पेस्टचं डॉक्टरांना विचारून ठरवा. बाकीच्या चांगल्या सहाव्या दाढांच्या खाचांवर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, लावून मिळतं, तेही याच भेटीत विचारा.

आता तुमची दाढ. गार लागून कळ आली आणि काही सेकंदांत गेली, तर पंधरा दिवसांत दाखवलं तरी चालतं. बऱ्याचदा नुसतं भरून भागतं. गरमाने ठणका लागतो, घोट गिळल्यावरही मिनिटं-मिनिटं राहतो, रात्री आडवं झालं की वाढतो, अशी दाढ आतून सुजलेली असते. तुमचं वर्णन तसंच आहे. दोन-तीन दिवसांत जा. रूट कॅनलची वेळ आलेली असू शकते, पण दाढ वाचते. यात एक फसवं वळण येतं. ठणका एक दिवस आपोआप थांबतो, आणि माणूस अपॉइंटमेंट रद्द करतो. बरं झालेलं नसतं, नस मेलेली असते. पुढे कधीतरी हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो.

लवंगेच्या तेलाने जागा तात्पुरती बधिर होते, कीड थांबत नाही, आणि जास्त लावलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेत दाबून ठेवायची सवय तर सोडाच, तिनेही हिरडी जळते. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाल्लं की सूज उतरते, पण पोकळी तशीच राहते आणि सूज परत येते.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मधुमेह असेल तर सूज लहान असली तरी त्याच दिवशी दाखवा.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायरचं दंत महाविद्यालयही आहे. खाजगीच्या मानाने तिथे फार कमी पैसे लागतात, मात्र सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. मुलगी सरकारी शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, किडलेले दात त्यांच्या तपासणीत येतात.

मुलीला नेताना पोटभर खाऊ घालून सकाळची वेळ घ्या. 'सुई टोचणार नाहीत' असं वचन देऊ नका, टोचावी लागली तर पुढच्या वेळी ती तोंड उघडणार नाही. 'डॉक्टर दात मोजणार आहेत' एवढंच सांगा. आणि तुमची दाढ त्या भेटीपर्यंत थांबवू नका, दोन-तीन दिवसांतच दाखवा.