चहा स्वस्त झाला होता, तरीही तो समुद्रात का गेला?

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड का केले, याविषयी परीक्षांच्या सुमारास तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा भारतातला होता का?

नाही, तो चीनमधला होता. आसामात तेव्हा चहाचे मळेच नव्हते.

प्रश्न : ‘करांचा बोजा असह्य झाल्याने बंड झाले’ असे आमच्या क्लासच्या नोट्समध्ये आहे. हा बोजा नेमका किती होता?

हे वाक्य मी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत खोडत आलो आहे. ब्रिटनमधल्या करदात्याच्या मानाने वसाहतींवरचे कर हलकेच होते. फ्रान्सशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर सुमारे १३ कोटी पौंडांचे कर्ज होते, आणि अमेरिकेतल्या फौजेचा काही खर्च तिथूनच निघावा म्हणून १७६५ चा मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्रे आणि कोर्टाचे कागद तर त्यात होतेच, शिवाय पत्त्यांच्या कॅटवर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर दोन पौंड द्यायचे होते. वकील आणि छापखानेवाले, म्हणजे ज्यांना बोलता-लिहिता येत होते तेच लोक, त्यामुळे सर्वांत आधी दुखावले. पण त्यांचा मुख्य आक्षेप रकमेवर नव्हता. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, त्या पार्लमेंटला आपल्या खिशात हात घालण्याचा अधिकार कोणी दिला, असे ते विचारत होते. १७६६ मध्ये पार्लमेंटने हा मुद्रांक कर मागे घेतला. मात्र वसाहतींसाठी सर्व बाबतींत कायदे करण्याचा हक्क आपलाच आहे, असा दुसरा कायदा त्याच वेळी केला.

१७७३ चा चहा कायदा याच दृष्टीने वाचावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामांत चहा पडून होता आणि कंपनी बुडू नये म्हणून तिला तो वसाहतींत थेट पाठवण्याची सवलत मिळाली. चहा त्यामुळे स्वस्त झाला, पण पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा जुना आयात कर तसाच राहिला. स्वस्त चहा विकत घेणे म्हणजे त्या कराला मान तुकवणे, हे बॉस्टनकरांनी ओळखले. शिवाय चोरट्या डच चहावर जगणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदाही बसणार होता. १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या गेल्या. विकतच्या नोट्स बाजूला ठेवा, मूळ कायदा वाचा आणि अडेल तिथे आपल्या प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न : त्यांना पहिल्यापासून स्वातंत्र्यच हवे होते का?

नाही. एप्रिल १७७५ मध्ये बॉस्टनजवळच्या लेक्झिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार झाल्यानंतरही जुलैमध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, राजाकडे समेटाचा अर्ज धाडला. राजाने तो न स्वीकारता ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर वर्षभराने आला.

प्रश्न : मराठ्यांनी इंग्रजांना अडकवून ठेवले म्हणून अमेरिका स्वतंत्र झाली, असा संदेश आला आहे. प्रबंधात घेऊ का?

घेऊ नका. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना शरण यावे लागले आणि सालबाईचा तह १७८२ चा, हे खरे; पण दोन युद्धे एकाच काळात झाली एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. असा दावा करायचा असेल, तर त्या काळची कागदपत्रे हाताळणाऱ्या अभ्यासकाला आधी दाखवा, आणि तेही प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आजच.