‘यातूनही काहीतरी चांगलंच होईल’ ऐकलं की राग येतो. माझं काही चुकतंय का?

हा प्रश्न समुपदेशनात वरचेवर येतो. आजार, नोकरी जाणं, नातं तुटणं, निमित्त काहीही असो. भेटायला येणारी माणसं ‘जे होतं ते भल्यासाठीच’ असं सांगून जातात आणि ऐकणाऱ्याला आपल्यातच काही खोट आहे असं वाटू लागतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका बाईंचं असंच झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थायरॉइडच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला. स्वरयंत्राकडे जाणारी नस थायरॉइडला अगदी लागून जाते. ती दुखावली तर त्या बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो, आवाज घोगरा होतो आणि बोलताना वाऱ्यासारखी हवा निसटते. नस सावरायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं, आणि ती सावरेलच अशी हमी नसते. भरल्या वर्गावर शिकवणाऱ्या बाई आता दोन वाक्यांत दमत होत्या. मैत्रिणी म्हणत, ‘बघ, सक्तीची का होईना, विश्रांती मिळाली.’ बाईंनी कागदावर लिहून विचारलं, ‘मला यात काहीच चांगलं दिसत नाही. मी कृतघ्न आहे का?’

नाही. संकटानंतर माणसात होणाऱ्या मानसिक वाढीवर टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं. 1996 मध्ये त्यांनी ती मोजण्यासाठी 21 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतली जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या ताकदीची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याची किंमत कळणं अशी पाच क्षेत्रं त्यात आहेत. पण सल्ला देणारे एक गोष्ट सोडून देतात: वाढ संकटातून आपोआप येत नाही, संकटाशी झगडताना येते, तीही सगळ्यांना नाही. शिवाय ती आली म्हणून दुःख जातंच असंही नाही. राग आणि वाढ एकाच घरात सुखेनैव नांदतात.

बाईंच्या बाबतीत आधी नैराश्याची लक्षणं तपासली. दोन आठवडे सलग, जवळजवळ रोज, मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप-भूक बिघडणं, असं असेल तर डायऱ्या लिहीत बसायचं नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. आत्महत्येचे विचार असतील तर त्याच दिवशी. बाईंना तसं नव्हतं. पण रात्री तीच रीळ फिरत होती: ‘ऑपरेशन पुढे ढकललं असतं तर?’ याला विचार म्हणणं कठीण. हा नुसता चरखा. तो थांबवायचा म्हटलं की जास्त फिरतो. त्याला कागद द्यावा लागतो.

त्यासाठी मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांची 1986 पासून वापरात असलेली लेखनपद्धत घेतली: सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, न थांबता, शुद्धलेखनाची पर्वा न करता, घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं दोन्ही लिहायचं. इथे गडबड नेहमी तीनच ठिकाणी होते. लोक झोपण्याआधी लिहितात आणि रात्र खराब करून घेतात. संध्याकाळी लवकर लिहिलेलं बरं. कुणीतरी वाचेल या धाकाने गुळमुळीत लिहितात. आणि पहिल्या दिवशी रडू आलं म्हणून सोडून देतात. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतंच. मात्र अगदीच सोसवेना, तर विषय बदलायचा किंवा थांबायचं, हट्ट नको.

त्यानंतर वही. त्यात ‘आज काय चांगलं घडलं’ हे लिहायला मुद्दाम मनाई केली, कारण एवढ्या लवकर फायद्यांची यादी मागितली की माणूस खोटं लिहितो. फक्त आवाज गेल्यामुळे आज काय वेगळं घडलं ते, तीन ओळींत, मतं न देता लिहायचं. एक नोंद अशी होती: ‘फळ्यावर प्रश्न लिहून गप्प उभी राहिले. नेहमीची चार मुलं बोलली, मग थांबली. खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.’

पुढच्या भेटीत हीच नोंद घेऊन बसलो. ‘हे का घडलं’ यापेक्षा ‘उद्या यातलं काय मुद्दाम करता येईल’ एवढंच विचारलं. बाईंनी तास बदलला: सुरुवातीला फळ्यावर प्रश्न, मग मुलांची जोडीजोडीने चर्चा, आणि स्वतःचं बोलणं शेवटी, तेही छोट्या माइकवर. कुजबुजायचं नाही, हे स्वरोपचार तज्ज्ञांनी बजावलं होतं. ताण देऊन केलेल्या कुजबुजीनेही घसा दमतो.

घरच्यांनाही एक काम दिलं. ‘सकारात्मक राहा’ बंद करून ‘आज कुठला फोन मी करू?’ असं विचारायचं. यजमानांना हे जड गेलं. धीर देणं त्यांना आपलं कर्तव्य वाटे.

आवाज पुढे थोडा सुधारला, पूर्वीसारखा झाला नाही. शाळेच्या संमेलनात निवेदन दुसऱ्या शिक्षिकेकडे गेलं तेव्हा बाई चिडल्या, घरी येऊन रडल्या. सोमवारच्या तासाचे प्रश्न मात्र त्यांनी आधीच काढून ठेवले होते.