वाढदिवस पोराचा की पिशवीचा?

जूनमध्ये बालवाड्या उघडतात, पहिल्या पंधरवड्यातच कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि पाठोपाठ माझ्याकडे प्रश्न येऊ लागतात. केक, फुगे, पिशव्या, पुन्हा केक. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याचा आता कंटाळा आलाय, म्हणून निवडक प्रश्न एकत्रच घेते.

प्रश्न : आमच्याकडे वाढदिवस तिथीने करतात. बालवाडीत कधी करावा?

तारखेने. तिथीला घरी ओवाळा.

प्रश्न : मुलीला चार पूर्ण होताहेत. बिनअंड्याचा केक पाठवला तर ॲलर्जीची काळजी नाही ना? मैत्रीण म्हणते, एगलेस सगळ्यांना चालतो.

चालत नाही. अंडं नसलं तरी दूध असतं, मैदा असतो, वर काजू-बदामाचा चुरा असतो, आणि यातल्या कशाचीही ॲलर्जी असू शकते. केक सांगण्याआधी ताईंना विचारा. ताईंकडे प्रत्येक मुलाची माहिती पालकांच्या सहीने लिहून ठेवलेली हवी. नसेल तर त्यांनी ती याच आठवड्यात घ्यावी, पुढच्या वाढदिवसाची वाट बघू नये. 'थोडं थोडं चाटवलं की सवय होते' हाही सल्ला फिरत असतो. ज्या मुलाला आधी त्रास झालाय त्याच्यावर घरी असले प्रयोग करू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

दुसरी गोष्ट अडकण्याची. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या वयात वाटू नयेत. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून. साधा शिरा केलात तरी मुलं वाटी चाटून पुसून खातात, पण त्यातही तूप, दूध, रवा आहेच, तेव्हा विचारायचं ते विचाराच.

प्रश्न : मी बालवाडीत ताई आहे. केक कापणं आणि गाणं यापलीकडे वाढदिवसातून मुलांना काही शिकवता येईल का?

येईल, आणि फुकटात. मॉन्टेसरी वर्गांत एक जुनी पद्धत आहे. मधे सूर्य म्हणून दिवा ठेवतात, भोवती बारा महिन्यांची कार्डं मांडतात. ज्याचा वाढदिवस तो पृथ्वीचा गोल हातात घेऊन दिव्याभोवती हळूहळू चालतो. जितकी वर्षं पूर्ण, तितक्या फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर थांबायचं आणि त्या वयाचा फोटो किंवा घरून आलेलं एक वाक्य वाचायचं : 'एक वर्षाची असताना मुक्ता भिंत धरून चालायची.' गोल नसेल तर चेंडू चालतो. दिवा मात्र बॅटरीचा किंवा पिवळ्या कागदाचा घ्या. फ्रॉकचा घेर आणि निरांजन यांची गाठ पडू देऊ नका.

पृथ्वीला एका फेरीला सुमारे ३६५ दिवस आणि ६ तास लागतात, हे तुम्हाला माहीत असलं की पुरे, मुलांकडून वदवून घेऊ नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला वर्ष म्हणजे काय ते कळत नसतं. गेल्या दिवाळीची गोष्टही ते 'काल' म्हणून सांगतं. पण तीन फेऱ्या चालून पाय दमतात, आणि चार फेऱ्यांवाला आपल्यापेक्षा जास्त वेळ चालला हे त्याला दिसतं. एका वर्गात एक मुलगी पहिली फेरी सुरू करण्याआधीच थबकली आणि म्हणाली, "आता मी बाळ आहे ना? मग मला उचला." ताईंनी गोलासकट उचललं, अर्धी फेरी कडेवर घेऊन चालल्या आणि मग खाली ठेवलं. पाठ्यक्रमात हे कुठे बसवायचं, असं कृपा करून विचारू नका.

वर्षभर भिंतीवर महिन्यांच्या बारा उभ्या रांगा ठेवा आणि ज्याचा वाढदिवस झाला त्याच्या नावाचा एक ठोकळा त्या महिन्यात चिकटवा. कुठली रांग उंच, कुठली रिकामी, हे मुलं आपणहून बोलू लागतात. उंचीइतकी सुतळी कापून ठेवा आणि पुढच्या वर्षी शेजारी लावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, ते आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून साधनं करत. सुतळी त्याच घराण्यातली. (मोजायला चिंचोके वापरणार असाल तर मोजून द्या आणि मोजून परत घ्या. नाकात जातात.)

प्रश्न : वर्गात तीस मुलं आहेत. रिटर्न गिफ्टसाठी किती बजेट ठेवावं? शाळेने सुचवलेल्या दुकानात चमकणारी अंगठी, पाण्यात फुगणारे मणी, फुगे आणि चॉकलेट असा तयार संच मिळतो.

बजेट शून्य ठेवा. आता थोडं बसून ऐका.

त्या चमकणाऱ्या अंगठीत बटणासारखी चपटी बॅटरी असते. स्वस्त खेळण्यात तिचं झाकण स्क्रूने बंद केलेलं नसतं, नखाने उघडतं. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथलं आतलं अस्तर भाजू लागतं, दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मूल रडेलच असं नाही. कधी नुसती लाळ गळते, कधी जेवण नको म्हणतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, 'शौचावाटे पडेल' म्हणून थांबू नका, शेजारणीला फोन करू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा, गाडी नसेल तर १०८ला फोन करा. पाण्यात फुगणारे मणी पोटात गेले की तिथेही फुगतात आणि आतड्यात अडकतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटला तर काढणं फार अवघड असतं. तुम्ही सांगितलेल्या संचात या तिन्ही गोष्टी आहेत आणि वर इंद्रधनुष्याचा स्टिकर आहे.

१ जानेवारी २०२१पासून आपल्याकडे विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घाऊक बाजारातल्या त्या पाकिटावर ते शोधून बघा. दुकानदार म्हणेल, 'हे खेळणं नाही, गिफ्ट आयटम आहे.' या पळवाटेवर धंदा चालतो. आणि शाळेला ठरावीक दुकान सुचवण्यात एवढा रस का, हे पालकसभेत उभं राहून विचारा. एकट्याने विचारू नका, चारपाच जण मिळून विचारा.

पैशांचंही बोलते. पहिल्या वाढदिवसाला पेन्सिल येते, दुसऱ्याला डबा, दिवाळीपर्यंत पाण्याची बाटली. त्यानंतर ज्या आईचा नंबर असतो ती उसनवारी करते किंवा त्या दिवशी मुलाला 'ताप' येतो. वर्षानुवर्षं हे असले ताप बघते आहे मी. चार वर्षांच्या पोराला पिशवीत काय होतं ते संध्याकाळी आठवत नाही. आठवतं मोठ्यांना. द्यायचंच असेल तर मुलाच्या हाताने वर्गाला एक वस्तू द्या : चित्रांचं पुस्तक, कुंडीतलं रोप. पुस्तकावर किंमत असेल तर खोडा. आणि शाळेत 'भेटवस्तू आणू नयेत' असा नियम करून घ्या. नियम असला की कुणाला एकट्याने नाही म्हणावं लागत नाही.

प्रश्न : वाढदिवसाचं गाणं सुरू झालं की माझा मुलगा (वय साडेतीन) कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जातो. आजी म्हणते दृष्ट लागते, बाबा म्हणतात लाजाळू आहे.

तीस मुलं एकदम किंचाळली तर मीही कोपऱ्यात जाईन. नुसतं एवढंच असेल तर ताईंना गाणं हळू म्हणायला सांगा, त्याला दाराजवळ बसू द्या, मधे उभं राहण्याची सक्ती नको. स्वतःच्या वाढदिवशीही नको.

पण एवढंच आहे का, ते नीट बघा. नावाने हाक मारली की वळतो का? दोन-तीन शब्द जोडून बोलतो का? हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो का? यातलं एक जरी करत नसेल तर 'मामाही पाच वर्षांचा झाल्यावर बोलला' हे ऐकून वर्ष घालवू नका. मामाच्या वेळी तपासण्या नव्हत्या. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि श्रवणतपासणी करून घ्या. अंगणवाडीत असेल तर सेविकेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाबद्दल विचारा, गरज वाटल्यास ते पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. दृष्ट काढायची तर काढा, तपासणीची तारीख घेऊन मग काढा.

प्रश्न : मुलाचा वाढदिवस मे महिन्यात, नेहमी सुट्टीत येतो.

सुट्टी लागण्याआधी, शाळेच्या शेवटच्या आठवड्यात करा. सगळ्या 'मे'वाल्यांचा एकत्र.

प्रश्न : एका पालकांनी कळवलंय की त्यांच्यात वाढदिवस करत नाहीत. त्या दिवशी मुलीला घरीच ठेवा असं सांगू का?

अजिबात नाही. त्यांना शाळेत बोलवा आणि नेमकं काय नको ते विचारा. कुणाला औक्षण नको असतं, कुणाला केक, कुणाच्या घरी त्या वर्षी दुःख झालेलं असतं. बहुतेकांना फेऱ्या आणि उंचीची सुतळी चालते. काहीच चालत नसेल तर तेही ठीक. मुलगी नेहमीसारखी शाळेत येईल आणि नेहमीसारखी खेळेल.

प्रश्न : मुलाचा जन्म ३ जानेवारीचा. तीन दिवसांमुळे वर्ष वाया जातंय. ओळखीचे एक जण म्हणतात, तारीख डिसेंबरची करून मिळेल.

हे करू नका. गुन्हा आहे. पूर्वी गुरुजी दाखल्यावर सरसकट १ जून लावत, निम्म्या महाराष्ट्राचे आजोबा एकाच दिवशी जन्मले, पण तेव्हा जन्माची नोंदच नसायची. आता ती असते. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मप्रमाणपत्रच लागणार. नर्सरीसाठी सध्याचा नियम ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण असावीत असा आहे. तो बदलला का, हे ओळखीच्यांना न विचारता शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. आणि वाया काय जातंय? वर्गात सगळ्यात लहान असण्यापेक्षा सगळ्यात मोठं असणं मुलाला सोपं जातं.

प्रश्न : वाढदिवसाचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकावेत का?

प्रत्येक पालकाची लेखी परवानगी असेल तरच. आणि नाव, जन्मतारीख, गणवेशावरचं शाळेचं नाव हे तिन्ही एकाच फोटोत येऊ देऊ नका.