कंटेनर महिनाअखेरीलाच का मरतोय?

प्रश्न : सर, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. ऑफिसात ८ जीबी रॅमच्या लिनक्स मशीनवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बिलिंग आणि डेटाबेस असे दोन कंटेनर, म्हणजे डबे, चालतात. बसवून दिलेल्या पोरानं बिलिंगला ५१२ एमबीची लिमिट घातलीय आणि आता तो फोन उचलत नाही. महिनाअखेरीला सगळी बिलं एकदम काढायला घेतली की बिलिंग बंद, एक्झिट कोड १३७. डॉकर अपडेट मारून मेमरी २ जीबी करायला गेलो तर मेमरीस्वॅपची एरर येतीय. कंटेनर पाडून नवा करायला लागणार काय? डेटा जाईल म्हणून भ्या वाटतंय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाडू नका, अजिबात गरज नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ नंबरचा सिग्नल म्हणजे प्रोसेस जागेवर ठार. पण डॉकर किल मारलं तरी हाच कोड येतो, त्यामुळं आधी डॉकर इन्स्पेक्ट या कमांडीत ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून मारला) समोर ट्रू आहे का बघा, असलं तर मेमरीच कमी पडली.

आता ती एरर. इथं भले भले फसतात, मी पण एकदा अर्धी रात्र घालवलीय. मेमरी-स्वॅप हा आकडा नुसत्या स्वॅपचा (रॅम कमी पडली की डिस्कवरची वापरतात ती जागा) नसतो, रॅम आणि स्वॅप मिळून एकूण असतो, आणि तो दिला नसला तर डॉकर मेमरीच्या दुप्पट धरतो, म्हणजे तुमच्याकडं ५१२ ची दुप्पट १ जीबी आधीच ठरलेली आहे आणि तुम्ही नुसती रॅमच २ जीबी मागताय, मग एकूणपेक्षा रॅम जास्त कशी होईल? दोन्ही एकाच कमांडीत द्या: डॉकर अपडेट --मेमरी २जी --मेमरी-स्वॅप २जी बिलिंग (टाइप करताना इंग्रजीतच हो, आणि शेवटी तुमच्या कंटेनरचं जे नाव असेल ते). दोन्ही आकडे सारखे दिले की स्वॅप बंद. चालू कंटेनरवर पण हे लागतं, बंद असला तर नंतर डॉकर स्टार्ट करा.

२ जीबी पुरतील का हे मी इथनं सांगू शकत नाही, बिलं काढताना शेजारच्या टर्मिनलवर डॉकर स्टॅट्स लावून ठेवा, आकडा कुठवर चढतोय ते दिसंल. सगळी ८ जीबी मात्र बिलिंगला देऊन बसू नका, डेटाबेसला आणि मशीनला पण खायला पाहिजे.

सीपीयूची लिमिट कमी पडली म्हणून कंटेनर मरत नाही, नुसता स्लो होतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर गर्दी असली तर नंबर उशिरा लागतो, पण दूध मिळतंच की. तेव्हा डॉकर अपडेटमध्ये --सीपीयूज १.५ (म्हणजे दीड कोअर) वगैरे बिनधास्त लावून बघा.

आणि त्या पोरानं हे सगळं कंपोज फाईलनं (कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेली फाईल) उभं केलं असंल तर तिथंही २ जीबी लिहा, नाहीतर पुढच्या वेळी कंटेनर नव्यानं तयार झाला की परत ५१२ वर येताय.