झेड-फोर विकून बॉक्स्टर घेऊ का?

“आहे ते बरं चाललंय, पण दुसरं त्याहून चांगलं निघालं तर?” हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं नोकरीबद्दल विचारतात, फ्लॅटबद्दल विचारतात, मुलांच्या कॉलेजबद्दल विचारतात. अलीकडे कुडाळ-सावंतवाडी भागात तो गाड्यांबद्दलही कानावर येतो. हायवे रुंद झाला, काजू, आंबा, हॉटेल या धंद्यांत थोडा पैसा सुटला, आणि चाळिशीतले काही जण सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊ लागले. एक दारात आली की वर्षा-दोन वर्षांत तिच्या तोडीच्या दुसऱ्या गाडीचे व्हिडिओ रात्री बारा-बारापर्यंत पाहिले जातात. ही घालमेल श्रीमंतांची खोड म्हणून उडवून लावू नये. नोकरी बदलू की नको म्हणून झोप उडालेल्या माणसाची आणि या माणसाची तगमग आतून एकच असते.

प्रसाद (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) काजूचा कारखाना चालवतात. वय ४३. त्यांच्याकडे २०११ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर होती, एसड्राइव्ह ३५आय. मनात भरली होती २०१३ ची पोर्श बॉक्स्टर, ९८१ पिढीतली. जुनी विकून वर साधारण २२ लाख घालायचे होते. पैशांची सोय होती, निर्णय होत नव्हता.

पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइलवरचा तक्ता पुढे केला. झेड-फोर ३०६ अश्वशक्ती, बॉक्स्टर २६५. झेड-फोरला दोन टर्बो आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, बॉक्स्टरला टर्बो नाही आणि २८०. झेड-फोरचं पत्र्याचं छत उघडायला सुमारे वीस सेकंद, बॉक्स्टरचं कापडी छत नऊ सेकंदांत, तेही ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत.

“सगळं मांडलंय, मॅडम. तरी निवाडा होत नाही.”

“झेड-फोरबद्दल आणखी काय लिहिलंय?”

“वॉटर पंप दोनदा बदलला. छत एकदा अर्ध्यात अडकलं. आंबोली चढताना इंजिनाची ताकद अचानक गेली.”

“आणि बॉक्स्टरबद्दल?”

“स्टिअरिंग. बॅलन्स. सहा सिलिंडरचा आवाज.”

एका रकान्यात बिलं होती, दुसऱ्यात जाहिरात. अशा दोन रकान्यांची तुलना कितीही महिने केली तरी दुसराच जिंकणार, आणि जिंकूनही मनाला पटणार नाही, कारण मनाला आतून ठाऊक असतं की हिशेब अर्धवट आहे. मी प्रसादना एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी बॉक्स्टरची बिलं आणि झेड-फोरचं सुख लिहून आणा.

हे काम नीट व्हावं म्हणून दोन्ही गाड्यांचं जे खरं आहे ते इथे देते. ज्या गोष्टीची चिंता आहे तिची माहिती धड नसेल तर समुपदेशन हवेत राहतं, असं माझं मत आहे.

झेड-फोरच्या त्या तीन लिटर इंजिनाचा, म्हणजे एन५४ चा वॉटर पंप विजेवर चालतो. तो कुरकुर न करता जातो आणि थेट तापमानाचा इशारा येतो. पंप आणि थर्मोस्टॅट एकत्रच बदलावेत. प्रसादचा पंप दोनदा जाण्याचं कारण मात्र वेगळं असण्याची शक्यता होती. नवा पंप बसवल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते, आणि नेहमीच्या पद्धतीने इंजिन चालू ठेवून ती निघत नाही. बॅटरीला चार्जर लावायचा, इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करायचं, हीटर कमाल तापमानावर आणि पंखा सगळ्यात कमी ठेवायचा, अॅक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरायचा. मग पंप आपोआप सुमारे बारा मिनिटं फिरून हवा बाहेर काढतो. हे न करता गाडी घाटात नेली की इंजिन तापतं, आणि दोष नव्या पंपावर येतो.

आंबोलीच्या चढावर ताकद जाणं हे या इंजिनात उच्च दाबाच्या इंधन पंपाचं ओळखीचं लक्षण आहे. सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरत असेल तर संशय पक्का करायला स्कॅनर लावावा. तिसरी जागा म्हणजे ऑइल फिल्टरच्या घराचं गॅस्केट. रबर कडक होऊन तेल खाली बेल्टवर ठिबकतं. तेलकट बेल्ट सुटला आणि त्याच्या चिंध्या क्रँकच्या पुढच्या सीलमध्ये ओढल्या गेल्या, तर लहान गॅस्केटचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं.

आता बॉक्स्टर. प्रसादची सगळ्यात मोठी धास्ती होती आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या एका मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची. ते फुटलं तर इंजिनच जातं, असं त्यांनी वाचलं होतं. वाचलेलं खरं होतं, पण ते २००८ पर्यंतच्या इंजिनांबद्दल. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच नाही, म्हणून ९८१ ला ही भीती लागू होत नाही. जी गोष्ट त्या गाडीत नाही तिच्यासाठी या माणसाने कितीतरी रात्री जागून काढल्या होत्या. चिंता माहितीवर वाढते हे खरं, पण चुकीच्या माहितीवर जास्त जोमाने वाढते.

बॉक्स्टरची खरी दुखणी वेगळी आहेत. रेडिएटर आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर, दोन्ही पुढच्या बंपरच्या दोन बाजूंच्या खोबणीत बसतात. तिथे पाला, वाळू, लाल माती साचते, त्यावर आपली खारी हवा, मग कंडेन्सर कुजून गॅस गळतो. बंपर उतरवून ती जागा दरवर्षी पावसाळ्यानंतर साफ करावी आणि तोंडाला जाळी बसवावी. छताच्या मागच्या बाजूच्या पाण्याच्या नळ्या पाल्याने तुंबतात, मग पाणी गालिच्याखाली आणि तिथल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जातं. तपासायला छत अर्धं उघडून खोबणीत मगभर पाणी ओतायचं, खाली दोन्ही बाजूंना धार दिसली पाहिजे. कापडी छत ओलं असताना कधीही दुमडू नये, दोन दिवसांत बुरशी धरते. स्पार्क प्लग चार वर्षांनी, ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. पीडीके, म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बिघडला तर तो उघडून दुरुस्त करणारे हात मोजकेच आहेत. इंजिन सीटच्या मागे मधोमध असल्याने वरून हात घालायला जागा नाही, साध्या कामालाही मजुरी जास्त लागते.

दोन्ही गाड्या आपल्याकडच्या गतिरोधकांवर पोट घासतात. दाभोळ किंवा जयगडला जेटीवरून बोटीत चढवायच्या तर भर ओहोटीची वेळ टाळावी, उतार तेव्हा सगळ्यात तीव्र असतो. दोन्ही गाड्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळू लागण्याआधीच्या आहेत, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. म्हणून पावसाळ्यात टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये.

हे सगळं लिहून झाल्यावर प्रसाद मुंबईला एक बॉक्स्टर बघायला गेले. जाण्याआधी आम्ही ठरवलं, की पुढच्यापैकी एकही गोष्ट खटकली तर उठून यायचं. मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी सुरू न करण्याची विनंती, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज कळतो. टायरवरचा चार आकडी शिक्का, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांवरचा टायर बदलायचाच धरून भाव करायचा. रंगाची जाडी मोजायची. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एखाद्या पत्र्यावर ४०० च्या वर आकडा आला तर खाली पुट्टी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघायची. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून एकूण चाललेले तास काढायचे.

त्या तासांनीच गाडी पकडली. मीटरवर २४,००० किलोमीटर, इंजिनाचे तास १,९००. भागून बघा, ताशी तेरा किलोमीटरही सरासरी येत नाही. मुंबईच्या गर्दीतही ती फारच कमी, आणि ड्रायव्हर सीटची झिजलेली कड, ब्रेक डिस्कवर उठलेली धार मीटरशी जुळत नव्हती. म्हणजे मीटर मागे फिरवलेला असावा. प्रसाद उठून आले.

पुढच्या भेटीत मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटलेलं असेल. ते उलट जास्त अस्वस्थ होते. “थोडक्यात फसलो असतो,” हेच पुन्हा पुन्हा. फसले नव्हते, स्वतःच्या तपासणीने वाचले होते, पण त्याचं श्रेय घ्यायला मन तयार नव्हतं. खरी गाठ कुठे आहे ते मला इथे दिसलं.

“समजा गाडी घेतली आणि सहा महिन्यांत मोठं बिल आलं. पुढे?”

“पुढे काय, संपलंच.”

“दुरुस्तीला पैसे नसतील?”

“असतील.”

“गाडी दुरुस्त होणार नाही?”

“होईल की.”

“मग संपलं काय?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी मध्ये बोलले नाही. या कामात गप्प राहणं हे विचारण्याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि ते शिकायला वर्षं लागतात.

“बाबा म्हणतील, दुसऱ्यांदा फसलास.”

वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये काजू फोडून धंदा उभा केलेला. झेड-फोर दारात आली त्या दिवशी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं होतं, “ह्येच्यात पोती किती बसतली?” सगळे हसले, प्रसादही हसले. ते वाक्य मात्र गेलं नव्हतं. झेड-फोरच्या प्रत्येक बिलासोबत ते पुन्हा ऐकू यायचं. बॉक्स्टर हवी होती ती चालवायला, यात शंका नाही. पण तिच्यावर आणखी एक ओझं टाकलेलं होतं. तिने सिद्ध करून दाखवायचं होतं की प्रसाद मूर्ख नाहीत. दहा-बारा वर्षं वापरलेली कोणतीही गाडी ते करू शकत नाही. पंप जायचा तेव्हा जाणारच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात, त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या विचाराने होतो अशी जी विचारपद्धती मांडली तिच्यावर माझा भरवसा आहे, आणि अशा वेळी तो वाढतो. बिल आलं ही घटना. ‘माझा अंदाज चुकला’ हा एक विचार, त्याने वाईट वाटतं आणि माणूस गॅरेजला फोन करतो. ‘म्हणजे मी बिनकामाचा’ हा दुसरा विचार, त्याने माणूस रात्रभर जागतो. बिल तेच असतं. प्रसादना हे समजावून सांगावं लागलं नाही. एन५४ इंजिनात तापमानाचा इशारा आल्यावर दोष सेन्सरचा, पंपाचा की हवेचा हे वेगवेगळं तपासायचं असतं, हे त्यांना पाठ होतं. तसंच इथे, एवढंच मी म्हटलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

मग ठरवलेल्या गोष्टी थोड्या होत्या. २२ पैकी तीन लाख वेगळ्या खात्यात, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी. ते खर्च होणारच असं धरून चालायचं. निर्णयाची मुदत दसरा. त्या दिवसापर्यंत अटींत बसणारी गाडी मिळाली नाही तर झेड-फोर निदान दोन वर्षं ठेवायची आणि व्हिडिओ बंद. तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यात जड गेली. गाडी घेण्याआधी वडिलांना स्वतः सांगायचं, परवानगी न मागता.

त्यांनी सांगितलं. वडील म्हणाले, “माका कित्याक इचारतंस? कारखानो चलता मा? मगे घे.” दोन वर्षांचं ओझं इतक्या कमी शब्दांत उतरेल असं प्रसादना वाटलं नव्हतं. प्रत्येकाच्या घरी असं होईल असं नाही. वडील चिडले असते तरी ते कसं सोसायचं याची तयारी आम्ही आधी केली होती, आणि माझ्या मते ती तयारीच महत्त्वाची होती.

दसऱ्याच्या आधी पुण्यात दुसरी बॉक्स्टर मिळाली, तासांचा आणि किलोमीटरचा मेळ बसणारी. कागदांचं थोडक्यात सांगते. राज्यातल्या राज्यात नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण ना-हरकत दाखला आणि इथला कर धरला की फरक आटतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. नो-क्लेम सवलत जुन्या मालकाची असते, गाडीसोबत येत नाही. पाणी शिरून बंद पडलेल्या इंजिनासाठी वेगळं संरक्षण मिळत असेल तर कोकणात ते घ्यावंच. झेड-फोर विकताना प्रसादनी सगळ्या बिलांची फाइल घेणाऱ्याला दिली, पंप दोनदा बदलल्याच्या नोंदीसकट.

जुलैत बॉक्स्टरचा डाव्या बाजूचा गालिचा ओला झाला. फणसाच्या झाडाखाली गाडी उभी होती, नळी तुंबली. त्यांनी बॅटरीची तार सोडली, गालिचा उचलला, खाली तीन दिवस पंखा लावला, नळी साफ केली. दोन दिवस ‘झेड-फोरचं पत्र्याचं छत बरं होतं’ असं वाटत राहिलं, मग कमी झालं. हे मला त्यांनी फोनवर सांगितलं आणि भेटीची वेळ मागितली नाही.

मग घ्यावी कोणती, असं मला थेट विचारतात. भर पावसातही गाडी काढायची असेल, लांब सरळ हायवे जास्त असेल, तर झेड-फोर ठेवा आणि पंप, गॅस्केट, इंधन पंप एकदाच नीट करून घ्या. ऑक्टोबर ते मे चालवायची, घाटाची वळणं हेच सुख, पक्कं छप्पर असलेली कोरडी जागा आणि दुरुस्तीला मुंबईपर्यंत गाडी पाठवायची तयारी असेल तर बॉक्स्टर. आणि हे ठरवायला माझ्याकडे येणार असाल तर येताना तक्त्यासोबत दोन्ही गाड्यांच्या खर्चाचा कागद आणा, आणि ज्यांना सांगायला संकोच वाटतो त्यांच्याशी निदान एकदा बोलून या.